गडगा, मीठ आणि ‘तत्त्वमसि’ : रोजच्या जगण्यात अद्वैत नेमके कोठे भेटते?

खाडीकाठ

नमस्कार. आमचे गाव वाशिष्ठीच्या खाडीकाठी आहे. निवृत्तीनंतर मी येथे कायमचा राहायला आलो आणि गेली दोन वर्षे छांदोग्य उपनिषदाचा सहावा अध्याय शांकरभाष्यासह सावकाश वाचत आहे. हा धागा काढायला मात्र ते वाचन कारण झालेले नाही, आमचा गडगा, म्हणजे हद्दीवरचा दगडी बांध, कारण झाला आहे. आमच्या आणि चुलतभावाच्या आगरामधला जांभ्याचा जुना गडगा गेल्या पावसात कोसळला. तो पुन्हा कोणत्या रेषेवर घालायचा यावरून दोन घरांत बोलणे बंद होण्याची वेळ आली आहे. सातबारा सामाईक आहे, वाटप वडिलांच्या काळी तोंडी झालेले आहे आणि आता मोजणीसाठी अर्ज केला आहे. सकाळी सहा वाजता मी ‘तत्त्वमसि’ (‘ते तू आहेस’) वाचतो आणि दहा वाजता त्याच तोंडाने दीड हात जमिनीसाठी भांडतो. या दोहोंपैकी मी कोणता, हा प्रश्न मला आता टाळता येत नाही.

ज्यांनी तो अध्याय वाचलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. श्वेतकेतू बाराव्या वर्षी गुरुगृही गेला आणि सगळे वेद शिकून चोविसाव्या वर्षी ताठ मानेने परत आला. वडील उद्दालक आरुणी यांनी त्याला एकच विचारले, की ज्याच्या ज्ञानाने न ऐकलेले ऐकले जाते आणि न जाणलेले जाणले जाते, ते तू विचारून घेतलेस का? मग माती, सोने, लोखंड, मध, नद्या, वडाचे बी, मीठ असे घरचेच दाखले देत देत त्यांनी ‘ते तू आहेस’ हे वाक्य नऊ वेळा सांगितले. त्यांतला मिठाचा दाखला आम्हा किनाऱ्यावरच्या माणसांना फार जवळचा वाटतो. रात्री पाण्यात मिठाचा खडा टाक, सकाळी तो काढून दे, असे बाप मुलाला सांगतो. खडा सापडत नाही. मग वरून चाख, मधून चाख, तळाशी चाख, असे तो सांगतो आणि सगळीकडे खारटपणाच असतो. सत्, म्हणजे सगळ्याच्या मुळाशी असलेले अस्तित्व, येथेच आहे, तुला ते दिसत नाही, एवढेच बापाचे म्हणणे आहे. मीही जाडे मीठ घेऊन तसे करून पाहिले. खारटपणा तळापासून वरपर्यंत होता, माझ्या रागाचे मात्र काही झाले नाही.

अद्वैताची, म्हणजे जीव आणि ब्रह्म एकच या विचाराची, व्याख्या मला नको आहे. संध्याकाळी पुळणीवर उभे राहून सूर्य बुडताना पाहिला की मन विरघळते हेही मला ठाऊक आहे, पण घरी येताना पडलेला गडगा दिसला की तेच मन पुन्हा दगड होते, म्हणून त्या विरघळण्याला अद्वैत म्हणायला मी धजत नाही. दिवसाच्या नेमक्या कोणत्या जागी हा विचार आपल्याला खरोखर भेटतो, हे आपापल्या जगण्यातून कोणी सांगेल का?

नारळीपोफळी

खाडीकाठ, आपला प्रश्न मनापासून आहे म्हणून आधी एक आक्षेप मांडते. मीठ आणि पाणी या दोन वेगळ्या वस्तू आहेत. पाणी आटवले की मीठ उरते, आणि शिरोड्याच्या मिठागरांत पिढ्यान्‌पिढ्या हेच होत आले आहे. पावसाळा सरल्यावर खारे पाणी वाफ्यांत घ्यायचे आणि उन्हावाऱ्याने ते आटू द्यायचे. एक लिटर समुद्राच्या पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात आणि डोळ्यांना त्यांतला एकही कण दिसत नाही. मग हा दाखला दोन वस्तूंचा असून अद्वैताला कसा लागू पडावा, असे मला अनेक वर्षे वाटत होते.

उत्तर मला पुढे एका जुन्या नियमात मिळाले. दृष्टान्त एकदेशी असतो, म्हणजे ज्या एका अंगासाठी तो दिला आहे तेवढ्यापुरताच तो घ्यायचा. एका इंद्रियाला न सापडणारी वस्तू नाहीच असे ठरवू नकोस, ती कळण्याचे साधन वेगळे असू शकते, एवढेच उद्दालकांना येथे सांगायचे आहे. याहून पुढचे हवे असेल तर बृहदारण्यक उपनिषदात याज्ञवल्क्य ऋषी आपल्या पत्नीला, मैत्रेयीला मिठाच्याच ढेपेचा दाखला देतात. त्या ढेपेला आत आणि बाहेर असे वेगळे काही नसते, ती सगळीच्या सगळी एकरस खारट असते. दोन्ही दाखले मिठाचेच आहेत, पण दोघांची कामे निराळी आहेत.

आता आपल्याच दारातल्या गोष्टीकडे पाहा. आपल्या खाडीचे पाणी नदीचे की समुद्राचे? पावसाळ्यात ते गोडे होते आणि वैशाखात भरती चढली की गोवळकोटच्या बाजूला मचूळ लागते. नदी येथे संपली, अशी रेघ पाण्यावर कोणाला ओढता येणार नाही. त्यातही एक गंमत आहे. कोयनेचे पाणी मुळात कृष्णेतून पूर्वेच्या समुद्राला जायचे. पोफळीच्या बाजूला वीज तयार झाल्यावर ते वाशिष्ठीत सोडले जाते आणि पश्चिमेच्या समुद्राला मिळते. उद्दालकही पूर्वेकडे आणि पश्चिमेकडे वाहणाऱ्या नद्यांविषयीच बोलतात, आणि समुद्रात गेल्यावर ‘ही मी, ती मी’ असे त्या ओळखत नाहीत असे सांगतात. आपल्या दारातल्या पाण्याने तर दिशाही बदललेली आहे. तरीही खारजमिनीच्या बांधावर कोणाचे पाणी कोणाच्या भातात शिरले यावरून तंटे होतातच, आणि ते तंटे खोटे आहेत असे मला म्हणवत नाही.

सुंभ

मला हा विचार भेटला तो भीतीच्या जागी. आमच्याकडे फुरसे हा विषारी साप नित्याची गोष्ट आहे. चिरेखाणीत, गवतात, कधी पायरीवरही ते सापडते. आठ-दहा वर्षांपूर्वी मी पावसाळ्याच्या तोंडावर रात्री पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, उतरत होतो. बॅटरी मंद झाली होती. तिसऱ्या पायरीवर वेटोळे दिसले आणि मी जागच्या जागी थिजलो. हातात काठी नव्हती. मागे सरकलो, घरातल्यांना हाक मारली, उजेड आला, आणि शहाळी बांधायला आणलेल्या सुंभाचा, म्हणजे काथ्याच्या दोरीचा, तुकडा तेथे पडलेला दिसला.

दोरी आणि साप हा दाखला आपण इतक्या वेळा ऐकतो की त्याकडे लक्ष जाईनासे होते. त्या रात्री त्यातले दोन बारकावे मला अंगावर कळले. पहिला हा, की साप हाकलावा लागला नाही. काठी, मंत्र, धैर्य यांतले काही कामाला आले नाही, उजेड आला आणि तेवढ्याने झाले. शंकराचार्य ज्ञान आणि कर्म यांत जो फरक करतात तो एवढाच आहे. दुसरा हा, की दोरी दिसल्यावरही माझे पाय बराच वेळ थरथरत होते. पुढे विद्यारण्यांच्या पंचदशी या वेदान्तग्रंथातले तृप्तिदीप प्रकरण वाचताना हेच सापडले. दोरी कळली तरी कंप हळूहळूच शमतो, आणि मंद अंधारात टाकलेली तीच दोरी पुन्हा साप होते, असे ते म्हणतात. ते वाचून मला मोठा धीर आला. सकाळी समजलेले सायंकाळी पुसले गेले म्हणजे समज खोटी होती असे नव्हे, उजेड कमी होता.

आपल्या मातीतली एक ओळ येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. बांद्याचे सोहिरोबानाथ आंबिये यांचा जन्म १७१४ सालचा. त्यांच्या ‘हरिभजनाविण काळ घालवू नको रे’ या पदात ‘दोरीच्या सापा भिऊनी भवा, भेटी नाही जीवाशिवा’ असे शब्द येतात आणि त्यालाच लागून ‘अंतरीचा ज्ञानदिवा मालवू नको रे’ हे येते. लहानपणापासून हे पद देवळात ऐकत आलो होतो, पण दिवा आणि दोरी यांची त्यात घातलेली गाठ मला पाखाडीवरच दिसली. बांद्याहून सावंतवाडीला जाताना रानात ते फणस खायला बसले असता एका अवधूताने त्यांच्याकडे फणस मागितला, त्यांनी तो दिला आणि तेथेच त्यांना उपदेश झाला, अशी आख्यायिका आहे. फणस देणे ही कोकणातली साधी गोष्ट, पण ज्ञानाची वाट तेथून निघाल्याचे लोकांनी लक्षात ठेवले आहे.

खाडीकाठ, आपल्या गडग्याच्या बाबतीत साप कोणता आणि दोरी कोणती, हे आपणच शोधावे असे मला वाटते. गडगा म्हणजे साप नव्हे, तो दगडांचा आहे आणि घालावाच लागेल.

लाटांवरून

आमचे घराणे मासेमारीचे आहे. मी स्वतः आता हिशेबाचे काम करतो, पण वीस वर्षे होडीवर काढली आहेत. लाट आणि पाणी एकच, हा दाखला मी कीर्तनात पुष्कळदा ऐकला आणि दर वेळी माझ्या मनात आले, की हा दाखला किनाऱ्यावर उभ्या असलेल्या माणसाचा आहे. होडीत बसलेल्याला लाट म्हणजे लाटच असते. उधाणाची (मोठी) भरती आणि भांगाची (लहान) भरती यांतला फरक त्याला कळावा लागतो, नस्त्याच्या, म्हणजे होड्या आत-बाहेर करतात त्या वाटेच्या, तोंडाशी लाट कोठे फुटते ते ओळखावे लागते. ‘सगळे पाणीच आहे’ असे म्हणून जो सुकाणू सोडेल तो घरी परतणार नाही. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते, त्या दिवसांत समुद्राकडे बघत बसले की पाणी एक वाटते हे खरे. पण तेव्हा आम्ही त्यावर नसतो.

म्हणून प्रश्न असा, की अद्वैत कळलेल्या माणसाला लाट दिसते की नाही? दिसत नसेल तर तो आमच्या उपयोगाचा नाही.

ओवीकार

लाटांवरून, आपण विचारलेला प्रश्न मला या धाग्यावरचा सर्वांत नेमका प्रश्न वाटतो. ब्रह्मसूत्रभाष्यात शंकराचार्यांनी स्वच्छ म्हटले आहे, की ब्रह्मात्मतेचे, म्हणजे आपण ब्रह्मच आहोत याचे, ज्ञान होण्यापूर्वी सगळे व्यवहार खरेच असतात, जसे जाग येण्यापूर्वी स्वप्नातले व्यवहार खरे असतात. दोरीवरचा साप प्रातिभासिक (नुसता भास), लाट आणि सातबारा व्यावहारिक (रोजच्या व्यवहारात खरे), आणि ज्याच्या असण्याने ही दोन्ही असतात ते पारमार्थिक (अंतिम सत्य), अशा तीन पातळ्या वेदान्ती ठेवतात. पहिली आणि दुसरी यांची गल्लत करणारा लाटेला साप समजतो आणि आपण म्हणता तसा सुकाणू सोडतो. सुंभ यांनी ‘गडगा म्हणजे साप नव्हे’ असे जे लिहिले आहे ते म्हणूनच महत्त्वाचे आहे.

पण आपल्या मनातले उत्तर मला शंकराचार्यांपेक्षाही ज्ञानेश्वरांकडे अधिक स्पष्ट दिसते. चांगदेवांना पाठवलेल्या पासष्ट ओव्यांत ते म्हणतात, ‘कल्लोळकंचुक । न फेडितां उघडें उदक’. कंचुक म्हणजे अंगावरची चोळी. लाटेची चोळी न उतरवताही पाणी उघडेच असते. याचा अर्थ पाणी पाहण्यासाठी समुद्र शांत होण्याची वाट पाहावी लागत नाही, लाट फुटत असताना, सुकाणूवर हात असताना ते पाणीच असते. त्याच्या आधीच्या ओवीत सोने सोनेपणा न गमावता दागिना झाले असे आहे. दागिना पाहायला मिळावा आणि सोनेही कळावे, यासाठी काहीही वितळवायचे नाही. ज्ञानदेव जगाला टाकत नाहीत, आणि आपल्याकडच्या गृहस्थांना, कष्टकऱ्यांना हा विचार झेपला तो मला वाटते याच कारणाने.

पावसचे स्वामी स्वरूपानंद हे याच नाथपरंपरेतले. त्यांनी ज्ञानेश्वरी अभंगरूपात आणली. १९७४ साली देह ठेवीपर्यंतची सुमारे चाळीस वर्षे ते एका घरातल्या खोलीत राहिले. जे येत त्यांना ते सोऽहंची (‘तो मीच’ या जपाची) साधना सांगत आणि संसार सोडायला सांगत नसत.

पाणवठा

वाचत होतो. सगळे चांगले चालले आहे, पण एक गोष्ट कोणी बोललेले नाही म्हणून मी बोलतो. माझे आजोबा महाडजवळच्या एका वाडीतले. ज्या गावांत ‘सर्वांभूती एकच’ असे कीर्तनात सांगत त्याच गावांत आमच्या माणसांना पाणवठ्यावर पाय ठेवता येत नव्हता. २० मार्च १९२७ ला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घ्यायला सत्याग्रह करावा लागला. उद्दालकांचे पाणी वरून, मधून, तळापासून एकच खारट होते, पण आमच्या गावातले पाणी चाखण्याआधी चाखणाऱ्याची जात विचारली जात होती. ब्रह्म सर्वांत एकच आहे हा विचार लोकशाहीला उत्तम पाया देऊ शकला असता, मग त्यातून समाजधर्म का निर्माण झाला नाही, हा प्रश्न बाबासाहेबांनी लिहून ठेवलेला आहे. ‘व्यावहारिक पातळी वेगळी आणि पारमार्थिक वेगळी’ असे आपण म्हणता, तेव्हा मला भीती वाटते, की याच दोन पातळ्यांच्या मधल्या फटीत आमची माणसे शेकडो वर्षे उभी होती.

मी चिडून लिहीत नाही. मला हा विचार आवडतो, म्हणूनच विचारतो आहे.

ओवीकार

पाणवठा, आपण लिहिले ते बरे झाले. यावर बचाव करायचा माझा विचार नाही. ज्या भाष्यातले वाक्य मी वर दिले त्याच भाष्यात, पहिल्या अध्यायाच्या तिसऱ्या पादात, शूद्राला वेदाध्ययनाचा अधिकार नाही असे प्रतिपादन आहे. ते झाकून ठेवून त्याच ग्रंथातले गोड तेवढे सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. परंपरेनेच शंकराचार्यांच्या नावावर मनीषापंचकही दिले आहे. त्यात काशीच्या वाटेवर शंकराचार्यांनी ‘दूर हो’ म्हटल्यावर चांडाळ विचारतो, की तू कोणाला दूर व्हायला सांगतोस, या अन्नमय देहाला की चैतन्याला? गंगेच्या पाण्यातले आणि वेशीबाहेरच्या पाण्यातले सूर्यबिंब वेगळे आहे काय? त्या प्रश्नाला वाट देऊन नमस्कार करणारे पाच श्लोक त्यापुढे येतात. हा प्रश्न आणि ते शूद्रांविषयीचे अधिकरण (भाष्यातला विषयखंड) या दोन्ही गोष्टी एकाच घरात राहिल्या. समाजाने अधिकरण पाळले आणि श्लोक पाठ केले.

दोन पातळ्यांच्या भेदाने अन्याय झाकता येतो हे मला मान्य करावे लागते. तरी तो भेद मी टाकत नाही, कारण व्यवहार खरा मानला तरच व्यवहारातला अन्याय खरा ठरतो. ‘सगळी माया आहे’ असे म्हणणाऱ्याला पाणवठाही माया आणि तहानही माया. ईशावास्य उपनिषदात, जो सगळी भूते आत्म्यातच पाहतो तो कशाचीही घृणा करत नाही, असे एक लक्षण दिले आहे. घृणा नसणे हे त्या दर्शनाचे चिन्ह असेल, तर जेथे शिवाशीव होती तेथे ते दर्शन नव्हते, मुखोद्गत मंत्र कितीही असोत. १९३१ साली रत्नागिरीत सर्व जातींसाठी पतितपावन मंदिर उघडले तेव्हा त्याला विरोध करणाऱ्यांत मंत्र मुखोद्गत असणारेही होते.

चुलीपुढे

मी येथे क्वचित लिहिते. माझी आई ८३ वर्षांची आहे आणि गेली चार वर्षे तिची स्मरणशक्ती जात आहे. आधी तारखा गेल्या, मग शेजारपाजारची नावे, मग नातवंडे, आणि गेल्या श्रावणात मी गेले. सकाळी पेज घेऊन गेले की ती विचारते, ‘तू कोण गो?’ पहिले सहा महिने मी दर वेळी रडत होते. आपले नाव आणि नाते ही आपली ओळख, आणि ती आईनेच दिलेली. देणारीच विसरली तर मी कोण, असे मला व्हायचे.

माझे वाचन फार नाही, पण वडिलांची पंचदशी घरात होती. सुंभ यांनी ज्या प्रकरणाचा उल्लेख केला त्यातच दहा जणांची गोष्ट आहे. दहा जण नदी उतरून पलीकडे गेले, प्रत्येकाने मोजले आणि प्रत्येकाला नऊच मिळाले, कारण मोजणारा स्वतःला मोजत नव्हता. बुडालेल्या दहाव्यासाठी ते रडू लागले तेव्हा वाटसरूने सांगितले, ‘दहावा तूच आहेस.’ मी ते आईच्या उशाशी बसून वाचत होते. मनात आले, की नाव विसरले, गाव विसरले, मी विसरले, पण ‘मी आहे’ हे ती विसरलेली नाही. भूक लागली की ‘माका भूक लागली’ म्हणते. तारखेसारखे किंवा नावासारखे ते वेगळे लक्षात ठेवावे लागत नाही. मी तिच्याशी नाव आणि नात्याच्या वाटेने बोलत होते आणि ती वाट बंद झाली होती. हे कळल्यावर तिला आठवण करून देण्याचा हट्ट मी सोडला. ‘तू कोण गो?’ असे विचारले की मी ‘तुझीच’ असे सांगते, आणि तेवढ्यावर तिचे समाधान होते.

याला अद्वैत म्हणतात का ते जाणकारांनी सांगावे. माझे दुःख गेलेले नाही. पण मला आता रोज तिच्याशी भांडावे लागत नाही.

सुंभ

चुलीपुढे, विद्यारण्य त्याच गोष्टीत शोकाची निवृत्ती आणि तृप्ती या ज्ञानानंतरच्या वेगळ्या अवस्था सांगतात, आणि डोके आपटून घेतलेल्या दहाव्याची जखम ‘मी दहावा’ हे कळल्यावरही लगेच भरत नाही असेही म्हणतात. आपले दुःख उरले म्हणून कळलेले कमी ठरत नाही. यापुढे मला काही बोलवत नाही. आईंना नमस्कार.

खाडीकाठ

सर्वांचे आभार. मधले तीन आठवडे लिहू शकलो नाही, कारण मोजणी झाली.

सुंभ यांनी विचारले होते, की साप कोणता आणि दोरी कोणती. मी वहीत लिहून पाहिले. जमीन आहे, दगड आहेत, चुलतभाऊ आहे, वडिलांनी तोंडी केलेले वाटप आहे, आणि हे सगळे व्यवहारात खरे आहे. त्याशिवाय ‘माझे कमी झाले’ अशी छातीत एक कळ आहे. ती मोजणीच्या नकाशात कोठेही दाखवता येत नाही, तरी सगळे भांडण तीच चालवत होती. पाणवठा यांचे लिहिणे वाचल्यावर आणखी एक गोष्ट ध्यानात आली. आगराच्या खालच्या अंगाची आमची विहीर एके काळी कोणाला बंद होती, हे मी या वयापर्यंत कधी विचारलेच नव्हते. गावातल्या एका वृद्धाकडे जाऊन ते विचारले. त्यांनी जे सांगितले ते येथे लिहिण्याआधी मला घरात बोलावे लागेल.

मोजणीत रेषा चुलतभावाच्या बाजूने लागली. जुना गडगाच पलीकडे सरकवून घातलेला होता असे दिसते. त्यामुळे दीड हात नव्हे, चांगली तीन हात पट्टी गेली आणि तिच्याबरोबर वडिलांनी लावलेला कापा फणसही गेला. खुणेचे दगड रोवले तेव्हा मी सही केली. मन शांत होते असे सांगितले तर ते खोटे होईल. रात्री झोप आली नाही, आणि हे दुःख नेमके कोणाला झाले आहे ते मी पाहत पडून राहिलो. फणसाला झालेले नव्हते, जमिनीलाही नव्हते. ‘मला’ म्हणावे तर त्या दुःखाला मी पाहत होतो. पहाटेपर्यंत तेथेच होतो आणि उत्तर हाती आले नाही.

गडगा येत्या आठवड्यात नव्या रेषेवर घालायचा आहे. चिरे दोघांनी मिळून आणायचे ठरले आहे. काल चुलतभावाच्या मुलाने त्या झाडाचा पहिला उतरवलेला फणस आमच्या ओटीवर आणून ठेवला. मी त्याला थांबवून घेतले, हाताला तेल लावले आणि फणस तेथेच फोडला. गरे दोन्ही घरी गेले.

बाराव्या खंडातल्या वडाच्या बियेपासून मी पुढे वाचणार आहे. कोणाला बरोबर वाचायचे असेल तर येथेच लिहावे.